कंबर पुन्हा पुन्हा धरते, त्यांच्यासाठी

कंबर एकदा धरली आणि आठ दिवसांत सुटली, तर माणूस विसरून जातो. वर्षभरात ती तिसऱ्यांदा धरली की मात्र धास्ती बसते. खाली पडलेला रुमाल उचलायलाही जीव धजत नाही, लेकराला कडेवर घ्यायचं तर दुसऱ्याला हाक मारावी लागते, प्रवास ठरला की पोटात गोळा येतो. हा लेख अशा धास्तीत असलेल्यांसाठी आहे. मी डॉक्टर नाही. आमच्या घरात हे दुखणं दोन पिढ्या मुक्कामाला आहे. ते समजून घेताना जे वाचलं, विचारलं आणि रोज करून पाहिलं, ते क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कंबर दुखत असताना आपण शेक, मलम, गोळी, पट्टा असं सगळं करतो आणि दुखायची थांबली की सगळं सोडून देतो. दुखणं पुन्हा येऊ नये म्हणून जे करायचं, ते मात्र त्या चांगल्या दिवसांतच करता येतं. उसण भरलेली असताना फक्त ते दिवस निभावायचे असतात.

आधी धोक्याच्या खुणा पाहा

बहुतेक कंबरदुखी धोक्याची नसते. तरी पहिलं काम हेच. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, यातलं काहीही झालं तर उद्याची वाट पाहू नका. मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा पुंजका दाबला जात असू शकतो. त्यावर काही तासांत, फार तर दिवसाभरात उपचार लागतो, नाहीतर नुकसान कायमचं राहतं. रात्री-अपरात्री मोठ्या रुग्णालयात जा.

काही खुणा इतक्या तातडीच्या नसतात, पण दुर्लक्ष करण्यासारख्याही नसतात. पाठदुखीबरोबर संध्याकाळी बारीक ताप, घाम, वजन उतरणं आणि रात्री पडल्यापडल्या वाढणारी वेदना असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासायला हवा. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही. फुप्फुसं चांगली असतात, खोकला नसतो, म्हणून कुणाच्या डोक्यात क्षयरोग येत नाही आणि महिने वाया जातात. सरकारी रुग्णालयात क्षयरोगाची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, बरेच महिने स्टिरॉइड चालू असतील, किंवा म्हाताऱ्या आईला नुसतं बुडावर आपटल्यावर पाठीत जबर कळ सुरू झाली असेल, तरीही तपासणी लांबवू नका. ठिसूळ हाडांचा मणका साध्या धक्क्यानेही पिचतो.

तरुणांसाठी आणखी एक. चाळिशीच्या आतच सुरू झालेलं दुखणं, पहाटे झोपमोड करणारं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपण, आणि हालचाल केल्यावर बरं वाटतं पण आराम केल्यावर वाढतं, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस नावाचा सुजेचा आजार असाच येतो. त्याची औषधं निराळी आहेत. असे रुग्ण साधी कंबरदुखी समजून वर्षानुवर्षं मलमं चोळत बसतात, याचं फार वाईट वाटतं.

कंबरेच्या एका बाजूने उठून जांघेकडे उतरणारी, लाटांसारखी येणारी, माणसाला कुठेच स्वस्थ बसू न देणारी कळ मुतखड्याची असू शकते. ती वळण्या-वाकण्याने बदलत नाही.

मग दुखणं ओळखा

यातलं काही नसेल तर तुमचं दुखणं बहुधा त्या मोठ्या घोळक्यातलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत अमुक एक जागा बिघडली असं बोट ठेवून सांगता येत नाही. स्नायू, सांधे, मणक्यांमधल्या चकत्या, अपुरी झोप, कामाचा ताण, मनातली भीती अशा सगळ्यांची त्यात सरमिसळ असते. कारण सापडत नाही म्हणजे दुखणं खोटं असा अर्थ कुणी काढू नये, तुमच्या घरच्यांनी तर मुळीच नाही.

दुसरा प्रकार पायात उतरणारा. कंबरेपेक्षा पाय जास्त ठणकतो, कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, शिंकताना वीज चमकते. ही सायटिका. बहुतेक वेळा कंबरेच्या खालच्या दोन चकत्यांपैकी एखादीचा आतला मऊ भाग बाहेर डोकावून नसेला लागलेला असतो. ऐकून घाबरायला होतं, पण बाहेर आलेला तो भाग शरीर बऱ्याचदा स्वतःच जिरवून टाकतो, आणि बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतो. टाचांवर चालून पाहा, मग चवड्यांवर. एका पायाला ते जमत नसेल किंवा पाऊल घसटत असेल, तर नसेवर दाब जास्त आहे. लवकर दाखवा.

तिसरा प्रकार वयस्करांत दिसतो. थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, खाली बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. नसांचा मार्ग अरुंद झाल्याने हे होतं. अशा माणसाला मोकळ्या हाताने चालणं जड जातं, पण सायकल किंवा बाजाराची ढकलगाडी धरून तो सहज जातो.

पहिले तीन-चार दिवस

उसण भरली की पहिली सूचना येते ती झोपून राहायची. ती मानू नका. 1995 साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात पालिकेच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात विश्रांती दिली, काहींना व्यायाम दिला, काहींना फक्त झेपेल तेवढं रोजचं काम करत राहा म्हणून सांगितलं. लवकर बरे झाले ते हे तिसरे. पहिल्या दिवशी कळ असह्य असेल तर दर तासाभराने थोडं आडवं व्हा, पण पुन्हा उठा. घरातल्या घरात फिरा.

आडवं होताना पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, किंवा गुडघ्यांखाली लोड घ्या. कुशीवर झोपायचं तर दोन गुडघ्यांमध्ये उशी. उठताना सरळ उसळून उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देत बसते व्हा. खोकला-शिंक आली तर एक हात भिंतीला किंवा मांडीला टेकवा. भारतीय संडासात बसणं जमत नसेल तर चार दिवस कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा. गोळ्यांनी आणि पडून राहण्याने बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथताना कंबरेतून जी कळ येते ती टाळण्यासारखी असते. पाणी प्या, पपई-पालेभाजी खा.

शेकाने स्नायू सैल पडतात. गरम पाण्याची रबरी पिशवी पंच्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं पुरे. निर्गुंडीचा पाला गरम करून बांधणारी घरं अजून आहेत, त्याचीही ऊब मिळते. मलम चोळून त्यावर गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. मधुमेहाने कातडी बधिर झालेल्यांनी शेकाची धग दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावी. बिब्बा लावणं किंवा डाग देणं हे मात्र नको. दुखणं आपल्या वेळेने जातं आणि जखम मागे राहते.

पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीतही आपल्याकडे आहे. नुसता पाय टेकवण्याने काही बिघडत नाही. पण पाठीवर उभं राहणं, लाथ मारणं, झटका देऊन मणका बसवणं हे कुणालाही करू देऊ नका. म्हाताऱ्या, ठिसूळ हाडांच्या माणसाला तर अजिबात नाही.

गोळीबद्दल थोडं सविस्तर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडतात. पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असेल, रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. मेडिकलवाल्याकडून दोन-दोन गोळ्यांची पुडी घेऊन महिनोन्‌महिने कंबर ढकलणारी माणसं गावोगाव आहेत, त्यात किडनी गमावल्याचं उशिरा कळतं. जाहिरातीतल्या, नाव नसलेल्या 'वातावरच्या' पुड्याही टाळा. एका डोसात जादू व्हावी म्हणून त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. पट्ट्याचंही तेच. प्रवासापुरता, दोन-चार दिवस बांधला तर धीर येतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी पट्टे आणि वजन लावून ताणणं, दोन्हींची शिफारस केलेली नाही.

एमआरआय कधी, आणि रिपोर्ट आल्यावर काय

धोक्याच्या खुणा नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय काढून उपचारात सहसा काही बदल होत नाही. खर्च मात्र होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे रिपोर्टमधले शब्द माणसाच्या मनात घर करतात. डिजनरेशन म्हणजे झीज, बल्ज म्हणजे फुगवटा, डेसिकेशन म्हणजे सुकणं. घरी येऊन आपण सांगतो, 'मणक्यात गॅप आहे.' प्रत्यक्षात चकतीतलं पाणी वयानुसार कमी होऊन ती चपटी झालेली असते.

2015 साली एका मोठ्या आढाव्यात ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. त्यातल्या विशीतल्या धडधाकट लोकांपैकीही 37 टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. पन्नाशीत हे प्रमाण 80 टक्के होतं आणि ऐंशीत 96 टक्के. पन्नाशीतल्या साठ टक्के लोकांची चकती फुगलेली होती. म्हणजे रिपोर्टमधलं बरंचसं लिखाण पांढऱ्या केसांसारखं आहे, वयाची नोंद. दुखणं ज्या बाजूला, ज्या पायात, ज्या नसेच्या वाटेने जातं, त्याच्याशी स्कॅन जुळत असेल तरच त्याला महत्त्व. म्हणून डॉक्टरांना कागद दाखवून गप्प बसू नका. विचारा, 'माझं दुखणं आणि हे चित्र जुळतं का?'

व्हिटॅमिन डी आणि बी-12 कमी असेल तर भरून काढावं, त्यासाठी कारणं पुष्कळ आहेत. पण तेवढ्याने वारंवार धरणारी कंबर सुटेल ही आशा धरू नका.

चालणं

दुखणं बोथट झालं, रात्रीची झोप परत आली, की त्याच आठवड्यात चालायला लागा. इथे माझा आग्रह आहे. 2024 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या 701 जणांपैकी अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टने चालण्याचा कार्यक्रम आखून दिला आणि दुखण्याबद्दल नीट समजावलं, उरलेल्यांना काहीच दिलं नाही. दुखणं परत यायला काहीच न मिळालेल्यांत साधारणपणे 112 दिवस लागले, चालणाऱ्यांत 208. औषध नाही, यंत्र नाही, आणि मधला काळ जवळपास दुप्पट.

त्यांचं लक्ष्य होतं सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा तीस मिनिटांपर्यंत पोचणं. घाई नाही. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, एक दिवसाआड. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. जागा सपाट हवी, पायात चप्पल न सटकणारी. गावात संध्याकाळी बाईमाणसाला एकटीने चालायला जाणं सोपं नसतं हे मान्य, तेव्हा गच्ची, अंगण, शाळेचं मैदान, देवळाच्या प्रदक्षिणा, काहीही चालतं. दोघी-तिघी मिळून गेल्या तर खंड पडत नाही.

तीन व्यायाम

व्यायामाचे हजार प्रकार आहेत आणि अमुक एक सर्वांत श्रेष्ठ असं सिद्ध झालेलं नाही. नेमाने जो होतो तो चांगला. नवख्यांना मी तीन सांगतो.

पहिला सेतू. पाठीवर झोपा, गुडघे मुडपा, पावलं जमिनीवर. नितंब आवळत कंबर वर उचला, पाच-सहा सेकंद धरा, सावकाश खाली या. दुसरा चौपायी. हातांवर आणि गुडघ्यांवर या, पाठ सपाट. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करा, कंबर डुगडुगू न देता थोडं थांबा, मग बाजू बदला. तिसरा कुशीवरचा. कुशीवर झोपून कोपरावर आणि मुडपलेल्या गुडघ्यावर भार घेत कंबर जमिनीपासून उचला. सुरुवातीला प्रत्येकी सहा-आठ वेळा, श्वास न कोंडता.

किती दुखलं तर चालेल? करताना थोडं जाणवलं आणि थोड्या वेळाने शमलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कालच्यापेक्षा जास्त आखडली तर अर्ध्यावर या, बंद करू नका. पायात असलेली कळ वर कंबरेकडे सरकत असेल तर ते चांगलं लक्षण आहे, कंबर थोडी जास्त दुखली तरी. कळ उलट खाली पावलाकडे उतरू लागली तर तो व्यायाम थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग असतो, तिथे खर्च फारसा येत नाही. मशीनचा शेक घेऊन परत येऊ नका, 'घरी करायचे व्यायाम शिकवा' म्हणून आग्रह धरा.

योगासनं आधीपासून करत असाल तर मार्जारासन आणि हलकं भुजंगासन बहुतेकांना मानवतं. पश्चिमोत्तानासन आणि हलासन सायटिका शांत होईपर्यंत बाजूला ठेवा.

रोजची कामं

रात्रभर आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण सेंटिमीटरभर, कधी त्याहून थोडे जास्त उंच असतो. त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकणं कंबरेला जड जातं. आणि आपल्याकडे तर सगळी वाकायची कामं पहाटेच: केर, सडा, रांगोळी, नळाला पाणी आलं की हंडे-कळश्या. जमेल तिथे क्रम बदला. आधी चहा, आंघोळ, थोडं फिरणं, मग केर, आणि तोही लांब दांड्याच्या झाडूने. पाण्याचा पाइप जोडून पिंप भरता आलं तर हंडा उचलूच नका. याबाबतीत घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी हात लावायला हवा, हा उपायाचाच भाग आहे.

वाकायचं भय मात्र नको. वजन अंगाजवळ घ्या, गुडघे आणि खुबे मुडपा, उचलताना कंबरेतून पिळवटू नका, वळायचं तर पावलं वळवा. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तीस किलोंचा असतो, पाण्याचा जार वीस किलोंचा. हे दोन्ही एकट्याने झटक्यात उचलायचे नाहीत.

शेतात कंबर मोडते ती एकाच अवस्थेत तासन्‌तास राहिल्याने. भातलावणीत दर ओळीनंतर उभं राहून हात कंबरेवर ठेवत जरा मागे झुका. कापूस वेचताना ओटी अर्धी भरली की रिकामी करा. खुरपणीचं काम सायकल कोळप्याने होत असेल तर तो खर्च औषधाच्या खर्चापेक्षा परवडतो. उसतोड कामगारांना हे सांगायला जीभ रेटत नाही, कारण मोळी डोक्यावरून उतरवायची की नाही हे त्यांच्या हातात नसतं. निदान दोघांनी मिळून मोळी चढवावी आणि उसण भरलेल्याला दोन-तीन दिवस पाचट काढण्याचं काम द्यावं, एवढं टोळीत ठरवता येतं.

ऑफिसात बसणाऱ्यांनी आदर्श बैठकीच्या मागे लागू नये. कितीही महागडी खुर्ची असली तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं. फोन आला की उभं राहून बोला. दुचाकीवर खड्डा आला तर पायांवर भार घेऊन सीटवरून किंचित उठा, टायरमधली हवा आणि शॉकअॅब्सॉर्बर पाहून घ्या. एसटीत मागच्या चाकाच्या मागची सीट टाळा.

आणि गादी. फळीवर झोपायचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. 2003 साली स्पेनमध्ये 313 कंबरदुखीवाल्यांना कडक आणि मध्यम कडक गाद्या देऊन पाहिल्या, तेव्हा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. दाबून भरलेली कापसाची गादी चांगली, मध्ये खड्डा पडलेली वाईट.

बिडी-सिगारेटचा कंबरदुखीशी संबंध आहे, वाढलेल्या पोटाचा आहे, झोपेचाही आहे. ज्या महिन्यात घरात आजारपण, कर्जाचा हप्ता, मुलीचं लग्न असतं, त्याच महिन्यात कंबर धरते, हे अनेकांनी अनुभवलेलं असेल. ताणात मज्जासंस्था जास्त जागरूक होते आणि साधा खेचही मोठा होऊन पोचतो. अशा वेळी व्यायाम सोडून देण्याऐवजी तो निम्मा करा आणि रात्रीची झोप सांभाळा.

पुन्हा भरली तर

इतकं करूनही ती पुन्हा भरू शकते. म्हणून चांगल्या दिवसांतच एक कागद लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. कोणत्या अवस्थेत आराम पडतो, कोणती गोळी डॉक्टरांनी किती दिवस घ्यायला सांगितली आहे, धोक्याच्या खुणा कोणत्या, घरातली कोणती कामं कोण करील. खाली तारखा टाका: कधी भरली, आदल्या दोन दिवसांत काय वेगळं झालं, किती दिवसांत सुटली. चार-पाच नोंदींनंतर बऱ्याचदा काहीतरी दिसू लागतं, लांबचा प्रवास, सणाची साफसफाई, चालणं सुटलेले आठवडे.

पहिल्या दिवशी घरात फेऱ्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दारापुढे पाच मिनिटं, आणि दोन आठवड्यांत जुन्या अंतराच्या निम्म्यावर. सहा आठवड्यांत फरक पडला नाही, पायातली ताकद उतरू लागली, किंवा या वेळचं दुखणं आधीच्यापेक्षा निराळं वाटलं, तर हाच कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रियेचा विषय निघाला तर विचारा की ती पायातल्या कळेसाठी आहे की कंबरेतल्या. पायाच्या कळेसाठी तिचा उपयोग बऱ्यापैकी खात्रीचा असतो, नुसत्या कंबरदुखीसाठी क्वचितच. घाईची खूण नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याइतका वेळ हातात असतोच.